जावयासमोर आलेली सासू

नाबुकेन्या केळीच्या बागेत शिरली आणि थेट जावयापुढे गुडघे टेकून बसली!

सेरुंकुमाच्या हातून कोयता गळून पडला. मसाका शहराकडच्या त्या गावात सासूने जावयाची सावलीही टाळायची. समोरासमोर आले तर दोघांचे हात जन्मभर थरथरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्नातसुद्धा ती पडद्याआड बसली होती.

"आई, हे काय भलतंच! निरोप नज्जेम्बाच्या आत्याबाईंकडून पाठवायचा ना?"

"पाठवला की! पाठवून पाठवून त्यांच्या चपला झिजल्या. तुमचं आपलं एकच, तिसराच महिना आहे, बोभाटा नको, दृष्ट लागेल... अहो, ती रक्ताची तपासणी आत्ताच करायची असते! पुढे रक्तदाब चढण्याचा धोका आहे का, ते आधी कळतं, गोळी सुरू करता येते." ती गुडघ्यांवरच पुढे सरकली. "माझी थोरली आठव्या महिन्यात गेली, जावईबापू. पाय सुजले, झटके आले... कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. नज्जेम्बाला तरी न्या हो!"

कोयता तिथेच सोडून तो निघून गेला.

मग काय, गावाला चघळायला विषय मिळाला! सेरुंकुमाच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांनी बजावले, मूल होईपर्यंत या बाईने लेकीच्या दारात पाऊल टाकायचे नाही. आत्याबाईही फुगल्या. "मला डावलून थेट जावयाशी? भोगा आता!" नाबुकेन्याने सारे मुकाट सोसले. बदनामीचे तिला काहीच वाटले नाही. पण त्याने पोरीला नेले की नाही, या एकाच विचाराने त्या माउलीचे काळीज रात्रंदिवस पोखरले जात होते...

सहा-सात महिन्यांनी एके सकाळी ती केळी उकडायला ठेवत असताना दारात मोटार थांबली. जावई आत येतोय म्हटल्यावर ती झटकन भिंतीकडे वळली.

"आई, इकडे बघा."

"नको बाबा! पुन्हा सगळ्यांची बोलणी खायची का?"

"त्याच आठवड्यात तपासणी केली, आई. धोका निघाला. रोज गोळी दिली, रक्तदाबावर नजर ठेवली. शेवटी तो चढलाच, पण डॉक्टर तयारीत होते." तो दोन पावले पुढे आला. "तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. मी वडीलधाऱ्यांना भ्यालो... तुम्ही कुणाला भ्याला नाहीत, म्हणून आज माझं घर भरलेलं आहे!"

ती वळली. मागे नज्जेम्बा उभी होती, थकलेली पण हसरी. सेरुंकुमाने स्वतःच्या हाताने तान्ही लेक सासूच्या ओटीत ठेवली, आणि नाबुकेन्याच्या डोळ्यांतून आनंदाश्रूंच्या धारा लागल्या.

"अगं आई, रडतेस काय! तिला भूक लागलीय, दे इकडे," नज्जेम्बा म्हणाली.

"थांब गं जरा!" असे म्हणून नाबुकेन्याने नातीला आणखी घट्ट उराशी धरले.