तेलाचा हात

डबीत तीन पट्ट्या उरल्या होत्या. तृप्तीने त्या दोनदा मोजल्या. प्रिंटरमध्ये शाईच्या चार कुप्या होत्या: दोन औषधांच्या, एक डिंकाच्या पाण्याची, एक पुदिन्याची. चारही निम्म्याहून जास्त भरलेल्या. तांदळाच्या कोऱ्या पापुद्र्याचं रीळ एक, त्यावर साधारण अकरा मीटर शिल्लक. तांबडा दिवा एक आणि पडद्यावर दोनच शब्द: ‘मर्यादा संपली’.

तीन पट्ट्या म्हणजे दुपारची, संध्याकाळची आणि रात्रीची. नव्या छापल्या नाहीत, तर उद्या सकाळी आईला अंथरुणातून उठता येणार नव्हतं.

आईला कंपवात होऊन सात वर्षं झाली होती आणि प्रिंटरही तेवढाच जुना होता. आईच्या मनगटावरचा पट्टा दिवसभर थरथर मोजायचा आणि तिला दहापैकी आकडा द्यायचा. त्या आकड्यावरून प्रिंटर दुसऱ्या दिवसाची मात्रा ठरवायचा, औषधाच्या शाईचे बारीक थेंब पापुद्र्यावर सोडायचा आणि चार पट्ट्या कापून डबीत टाकायचा. जिभेवर ठेवली की पट्टी विरघळायची. या बनावटीचे सुटे भाग मिळणं तीन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं.

तृप्तीने वीज बंद करून पुन्हा चालू केली. कुप्या काढून हलवल्या, परत बसवल्या. रीळ सरळ केलं. दिवा तांबडाच राहिला. आठवडाभर कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत यंत्रांशीच झटापट करून ती सकाळच्या बसने इचलकरंजीला आली होती, आणि इथेही हेच. तिचे खांदे भरून आले होते.

“माग असता तर एवढ्यात सात वार कापड निघालं असतं,” आई खुर्चीतून म्हणाली. तिचा उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता. महिनाभर तिला स्वतःच्या हाताने जेवताही येत नव्हतं.

“माग तुला औषध देत नव्हता, आई.”

“पगार देत होता की. ह्यांना विचार.”

अप्पा दारात उभे होते. चौतीस वर्षं त्यांनी जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त केले होते. “मोडलंय व्हय गं?” त्यांनी विचारलं.

“मोडलं असतं तर बरं झालं असतं, अप्पा. हा म्हणतोय, आईला एका पट्टीत यापेक्षा जास्त औषध द्यायला मला परवानगी नाही.”

तिने जुन्या नोंदी उघडल्या. दसऱ्यापर्यंत वर्षभर मात्रा शंभर मिलिग्रॅमच्या आसपास होती आणि थरथरीचा आकडा २.१. नंतर मात्रा वाढत गेली: एकशेवीस, एकशेसाठ, दोनशेदहा. काल अडीचशे, म्हणजे शेवटची पायरी. आणि आकडा ६.४. औषध अडीचपट, थरथर तिप्पट. आजार पुढच्या टप्प्यात गेलाय असं डॉक्टर मुल्ला मागच्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्या रात्री अप्पा जेवले नव्हते.

तृप्तीला एक गोष्ट खटकली. आजार असा नेमका दसरा बघून वाढत नाही.

तिने तपासणीची पट्टी छापली. शाई सोडणाऱ्या प्रत्येक छिद्राने एक रेघ ओढायची, छिद्रं शहाण्णव. पट्टी खिडकीशी धरून तिने फिकट पिवळ्या रेघा मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीसच.

हा प्रिंटर किती थेंबांचा हुकूम दिला ते मोजायचा. किती थेंब खरंच पडले, ते त्याला कळायचं नाही.

तिने झाकण उघडलं आणि छिद्रांचा भाग ज्यावर सरकायचा तो दांडा बोटाने पुसला. बोट चकाकलं. वास ओळखीचा होता, लहानपणी अप्पांच्या सदऱ्याला यायचा तोच.

“अप्पा, ह्याला तेल दिलंत?”

“खंडेनवमीला,” अप्पा म्हणाले. “सगळ्या हत्यारांस्नी दिलं, ह्यालाबी दिलं. पुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावलं. घरात सगळ्यात जास्त राबतंय ते हेच.”

तृप्तीने त्यांना दाखवलं. तेल दांड्यावरून रबरी पुसणीवर उतरलं होतं. पुसणी रोज छिद्रांवरून फिरायची आणि रोज थोडं तेल चोपडायची. एकेक छिद्र बुजत गेलं होतं.

“म्हणजे तिला औषध...”

“काल अडीचशेचा चौथा हिस्सा मिळाला. साडेबासष्ट.”

अप्पा खाली बसले.

“अवो, एवढं तोंड करून बसू नका,” आई म्हणाली. “चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासाठी कशाला तरी तेल लावलंत.”

अप्पा हसले नाहीत. त्यांनी धागे न सुटणारं कापड शोधून आणलं. तृप्तीने ते स्पिरिटमध्ये बुडवून दांडा, पुसणी आणि छिद्रं पुसली, पाच वेळा. दर वेळी तपासणीची पट्टी छापून रेघा मोजल्या. एकोणचाळीस, अठ्ठावन्न, एक्क्याऐंशी, चौऱ्याण्णव, शहाण्णव.

आता खरी भीती होती. साफ झालेल्या प्रिंटरने अडीचशे छापले असते, तर आईला कालच्या चौपट औषध गेलं असतं. तिने डॉक्टर मुल्लांना फोन लावून सगळे आकडे सांगितले.

“दसऱ्याआधीची मात्रा द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “शंभर. डबीतल्या जुन्या पट्ट्या फेकून द्या. मी इकडून प्रिंटरच्या मर्यादेचं कुलूप उघडते. तिच्याजवळ बसून राहा आणि चाळीस मिनिटांनी आकडा कळवा.”

दिवा हिरवा झाला. पट्टी कापल्याचा बारीक आवाज आला. आईच्या जिभेवर ती तृप्तीनेच ठेवली.

अप्पांनी खुर्ची जवळ ओढली. “पोरी, खरं सांग. आजारानं वाढलंय किती आणि माझ्या तेलानं किती?”

“माहीत नाही, अप्पा. २.१ आला तर सगळं तेलच होतं.”

“आणि न्हाई आला तर?”

तृप्तीने आईच्या मनगटावरचा पट्टा सरळ केला. आईने डोळे मिटले होते. दहा मिनिटांनी ६.३. वीस मिनिटांनी ५.५. तिसाव्या मिनिटाला आईने आपणहून पाण्याचा पेला उचलला. थोडं पाणी सांडलं, बरंचसं तोंडात गेलं. अप्पांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

चाळीस मिनिटांनी पट्ट्यावर आकडा आला: ३.७. पुढची दहा मिनिटं तो ३.७ वरच राहिला.