दोघांच्या सहीचं दार

लुबोर कासीक त्या रात्री उंदरांचे सापळे बघायला निघाला होता. एवढंच काम. हातात टॉर्च, खिशात चीजचे तुकडे, पायात लोकरी सपाता.

आदेला, गाडीची चावी इथे टेबलावर ठेव. बाहेर रस्ता गोठायला लागलाय, आणि तुम्हा दोघांना कार्लोवी व्हारीला पोचायची एवढी काय घाई आहे? मतौश, तूही बस. चहात थोडी रम घालतो.

लुबोरबरोबर मी वीस वर्षं पत्ते खेळलो. खोटं बोलणं त्याला पत्त्यांतसुद्धा जमायचं नाही, म्हणून तर तो नेहमी हरायचा. तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते मी खरंच मानतो. आणि शेवटचं तर मी माझ्या हाताने पाहिलं.

तो आपल्या वरच्या किल्ल्याचा किल्लेदार होता आणि मी तिथला माळी. ऑक्टोबर संपला की किल्ला बंद होतो. गालिचे गुंडाळायचे, खुर्च्या-मेजांवर चादरी टाकायच्या, खिडक्या आतून स्क्रूने कसून टाकायच्या. आणि वरच्या मजल्यावरच्या निळ्या दालनाला मोहोर लावायची. आत तो जुना पलंग आहे ना, रेशमी पडद्यांचा, त्याच्यासाठी. दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवायची, शिक्का मारायचा आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. एक किल्लेदार, दुसरी वस्तू सांभाळणारी बाई. मार्चमध्ये दोघांनी मिळून ती कापायची. एकट्याने पट्टीला हात लावायचा नाही.

वस्तू सांभाळणारी बाई म्हणजे क्वेता. चौतीस वर्षांची होती. त्या पलंगाचे फाटके पडदे तिने तीन हिवाळे बसून टाक्याटाक्याने सांधले होते. लुबोरला मूलबाळ नव्हतं. तो तिला पोरी म्हणायचा, ती त्याला अहो किल्लेदार. त्याला चिडवायची, की तुमच्या किल्ल्यावर तोफ नाही, फौज नाही, आहे तो एक माळी, आणि त्याचेही गुडघे गेलेले.

साल दोन हजार तेरा. नोव्हेंबरची दोन तारीख, शनिवार, मेलेल्यांचा दिवस. आभाळात चंद्र नव्हता. खाली कबरस्तानातले दिवे किल्ल्यावरून दिसत होते आणि बारीक पाऊस जमिनीवर पडता पडता गोठत होता. क्वेता सकाळीच बेचोवला गेली होती. आईच्या कबरीवर दिवा लावायचा आणि रात्री मावशीकडेच राहायचं, असं तिचं ठरलेलं.

पावणेदहाला लुबोर वरच्या मजल्यावर आला. तिसऱ्या सापळ्यापाशी वाकला, आणि निळ्या दालनाच्या दारावर टकटक झाली.

आतून.

तो तसाच वाकून राहिला. पुन्हा टकटक. मग आवाज आला.

"अहो किल्लेदार... उघडा ना. फार गार आहे."

क्वेताचा आवाज.

लुबोर मला म्हणाला, पहिला विचार भुताचा आलाच नाही. वाटलं, आपण पोरीला आत कोंडलं. मोहोर लावून दोन दिवस झाले! मग त्याने टॉर्च पट्टीवर धरला. पट्टी अखंड होती. त्याची सही होती आणि शेजारी तिची, तिच्याच हातची. बाहेर उभं राहून सही केलेलं माणूस आत कसं असेल?

पट्टी फाडायला त्याचा हात उठला नाही. एकतीस वर्षांची सवय. त्याने खिशातून फोन काढला आणि तिला लावला.

तिने लगेच उचलला. मागे मावशीचा टीव्ही चालू होता, ताटल्यांचा आवाज येत होता. ती हसत म्हणाली, की बदकाचा शेवटचा तुकडा मावशी माझ्याच ताटात घालतेय, सोडवा मला. लुबोरने सुटकेचा श्वास टाकला. आणि इथेच चुकला तो. तुझा आवाज आतून येतोय, असं कसं सांगायचं? पोरगी हसेल. म्हणेल, किल्लेदार एकटे राहून खुळावले. म्हणून तो एवढंच म्हणाला, की निळ्या दालनात काहीतरी खुडबुडतंय.

तिकडे तिने मावशीला टीव्ही बारीक करायला लावला. मग म्हणाली,

"कुना शिरला असेल."

कुना तुम्ही पाहिलाय, मांजराएवढं जनावर, छपराच्या फटीतून येतं आणि रात्रभरात गादीच्या चिंध्या करतं. लुबोर म्हणाला, सकाळी ये. ती म्हणाली, सकाळपर्यंत पडदे राहायचे नाहीत, माझे तीन हिवाळे त्यात गेलेत. तो म्हणाला, मग मी एकटाच उघडतो. त्यावर ती रागावली. म्हणाली, एकट्याने पट्टी फाडलीत तर उद्या कचेरीतले लोक तुम्हाला चोर ठरवतील, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची.

"आलेच मी. वीस मिनिटं. तोवर हात लावू नका हं दाराला."

फोन बंद झाला. आता कॉरिडॉरमध्ये सगळं शांत होतं. मग दाराच्या अगदी जवळून, जणू कुणी लाकडाला ओठ टेकवलेत...

"किल्लेदार... मला येऊ देऊ नका."

लुबोरने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन उचलायची नाही, घाटात तर नाहीच. शहाणी पोर होती. तरी तो लावत राहिला. सात वेळा, आठ वेळा.

त्या कॉरिडॉरच्या खिडकीतून बेचोवचा रस्ता दिसतो. नदीच्या कडेकडेने येतो, वळणं घेत. दहा वाजून पाच मिनिटांनी लांब दोन दिवे दिसले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. इतक्या गोठलेल्या रस्त्यावर कोण निघणार?

दिवे एका वळणाआड गेले. पुन्हा दिसले.

त्याने खिडकी उघडायचा प्रयत्न केला. स्क्रू त्यानेच कसले होते. त्याने टॉर्च काचेवर धरून उघडझाप केली. टॉर्च तो केवढा... आणि रस्ता केवढ्या खाली.

पाठीमागून आवाज आला. "गिरणीपाशी आलेय."

खाली दिवे गिरणीपाशी होते.

"थांबवा ना मला."

तो दाराकडे धावला. खिडकीकडे धावला. काय करणार? सांगा तुम्ही. काय करणार माणूस?

"पूल..." आतून आली ती हाक. मग काही नाही.

खाली दिवे आडवे झाले. झाडांवर उजेड पडला. मग पाण्यात, खालून, हिरवा उजेड.

मग तोही नाही.

दहा वाजून अकरा मिनिटं.

त्याने मदतीला फोन केला आणि तशाच सपाता घालून पायऱ्या उतरत पळाला. दोनदा पडला. अग्निशामक दल त्याच्या आधी पोचलं होतं. तेप्ला नदीला त्या दिवसांत पाणी भरपूर असतं आणि गाडी पुलाच्या खांबाखाली अडकली होती. त्यांनी लुबोरला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. कुणीतरी त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्याला गाडीत घालून वर आणून सोडलं. तेव्हा बारा वाजले होते.

तो वर गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नाही.

दाराआड दात वाजत होते.

आदेला, तू विचारायच्या आधीच सांगतो. तेव्हा पट्टीची भीती उरली नव्हती. त्याने नखाने तिचा कोपरा उचललासुद्धा. पण उघडलं आणि ती समोर दिसली तर? आणि उघडलं आणि ती नसली तर? दोन्हींतलं एकही त्याला सोसणारं नव्हतं. मग तो दाराला पाठ लावून खाली बसला. आणि बोलत राहिला. बागेतल्या लिंडनच्या झाडांना जूनमध्ये कसा वास येतो ते सांगितलं. मधमाश्यांचं सांगितलं. मी गुलाबांना शिव्या देतो त्यांची नक्कल करून दाखवली. जे सुचेल ते. मध्ये थांबला की आतले दात जोरात वाजायचे. म्हणून तो थांबलाच नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी आवाज बंद झाला. त्याने घड्याळ पाहिलं होतं. नंतर कळलं, तिला पाण्यातून वर काढलं तेव्हा चार वीस झाले होते.

सात वाजता तो माझ्या दाराशी आला. घसा पार बसला होता. म्हणाला,

"एक सही हवी होती रे."

दुसरी सही कुणाही नोकराची चालते. नियमातच तसं आहे, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी किल्ल्यापासून पाच मिनिटांवर राहतो. रात्रभर फोन माझ्या उशाशी होता. पण इतकी वर्षं क्वेताबरोबर सही केली, तर त्याला सुचली तीच. त्याला ते मी कधी बोललो नाही. तोही नाही.

आम्ही वर गेलो. मी पट्टी धरली, त्याने कापली.

आत तीन अंश. चादरी जिथल्या तिथे. जमिनीवर पातळ धूळ, तीवर उंदराचासुद्धा पाय नाही. खिडक्या बंद. कुना नव्हता. पलंगाचे पडदे धडधाकट होते, तिचा एकही टाका उसवलेला नव्हता. लुबोर त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग त्याने दार आतून लोटलं. काही शोधत होता म्हणा, किंवा नुसताच हात फिरवत होता. एके ठिकाणी तो हात थांबला. त्याने माझं मनगट धरलं आणि माझा तळवा तिथे टेकवला. खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाची पाठ येते तिथे.

लाकूड ऊन होतं.

पाठीएवढीच जागा. सगळं दार बर्फासारखं आणि तेवढंच ऊन, भट्टीतून काढून तासभर झालेल्या पावासारखं. मी बाहेर जाऊन दुसरी बाजू चाचपली, जिथे लुबोर रात्रभर पाठ लावून बसला होता. ती गारठलेली होती.

पुढे तपासायला माणसं आली, त्या ऊन जागेची मापं घेतली. भिंतीत नळ नाही, तार नाही. लुबोर दोन वर्षांनी निवृत्त झाला, आणि तोही आता गेला.

परवा किल्ला बंद केला. क्वेताच्या जागी आलेल्या नव्या बाईंना दुसरी सही मिळेना, म्हणून माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वर बोलावलं. त्या पट्टीला गोंद लावत होत्या तेवढ्यात मी आत गेलो, खाली वाकलो आणि दाराला हात लावला.

अजून ऊन आहे.