डावीकडचा रकाना

विश्वास ठेवायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी गोष्टी रचणारा माणूस नाही. मी एसी आणि फ्रीज दुरुस्त करतो. गरम काय आणि गार काय, एवढंच मला कळतं. ही हकिकतही तेवढ्याचीच आहे.

हे घडलं माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. रविवार होता. दुपारचे पावणेतीन. रात्र नाही, अंधार नाही, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

ताई विद्यापीठात आहे, केमिकल इंजिनिअरिंग विभागात. तिथे एक संशोधन गट आहे. तो कॉम्प्युटरवर रसायनं शिजवतो. खरी नाही, आकड्यांची. भांड्यात काय तापेल, कुठे तापेल, किती तापेल, हे भांड्याजवळ न जाता सांगायचं, हा त्यांचा धंदा. काठावर बसून पोहायला शिकवणारी माणसं असतात ना, त्यातली ही जात.

गटात चौघं. वर सर. सरांनी उभ्या आयुष्यात एक बोल्ट आवळला नव्हता, पण कारखाना कसा चालवावा यावर दोन तास न थांबता बोलायचे. दुसरा जाळीवाला. तो भांड्याच्या चित्राचे लाखो बारीक चौकोन पाडायचा, म्हणजे कॉम्प्युटरला एकेका चौकोनाचं तापमान काढता यावं. तिसरा रंगारी. गरम असेल तिथे लाल आणि गार असेल तिथे निळा रंग देणं हे त्याचं काम. लाल कुठला घ्यावा यावर तो आठवडा घालवायचा, आणि त्याचा त्याला पगार मिळायचा.

चौथी माझी ताई. खऱ्या भांड्याचे आकडे आणि कॉम्प्युटरचे आकडे जुळवायचं काम तिच्याकडे होतं.

पाचवा माणूस खाली होता. त्याला कोणी गटात धरत नसे.

तळमजल्यावर खरं भांडं होतं. पुरुषभर उंच, स्टीलचं. भोवती दुहेरी कवच, त्यात गार पाणी फिरायचं. ते चालवायचे खालचे काका. तीस वर्षं तेच भांडं. दर पंधरा मिनिटांनी चार थर्मामीटर बघायचे आणि वहीत लिहायचे. चार रकाने. समोर, मागे, उजवीकडे, डावीकडे. पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

संध्याकाळी ते वही घेऊन वर यायचे. किल्ल्या खुळखुळत यायच्या, मागून काका. ताईच्या डाव्या हाताला उभे राहायचे. पडद्यावरचं रंगीत चित्र बघायचे.

आणि...

"च्च."

बस, एवढंच. पोराने शर्ट उलटा घातलेला दिसला की आपण जसं करतो, तसं. मग वही ठेवून निघून जायचे.

"खालच्या लोकांना काय कळतंय त्यातलं," रंगारी म्हणायचा. काका जिना उतरायच्या आतच म्हणायचा.

आता या शहाण्यांनी काय केलं ते ऐका. भांडं गोल. दोन्ही बाजू सारख्या. मग सगळं भांडं कशाला मोजायचं? जाळीवाल्याने फक्त उजवा अर्धा भाग मोजायला घेतला, आणि डावीकडे त्याचंच आरशातलं प्रतिबिंब लावून टाकलं. चार दिवसांचं काम दोन दिवसांत. सरांनी त्याची पाठ थोपटली. ताई सांगते, असं सगळेच करतात, पुस्तकात चालतं.

पुस्तकात चालत असेल. पुस्तकातलं भांडं नेहमी नवं असतं. हे तीस वर्षांचं होतं. कवचाच्या डाव्या अंगाला क्षार साचून पाण्याची वाट बंद झाली होती. मी ते भांडं पाहिलेलं नाही, तरी सांगतो. मी उघडतो त्यातल्या निम्म्या यंत्रांचं दुखणं तेच असतं.

काकांच्या वहीत डावीकडचा रकाना वर जायला लागला. बाकी तिन्ही रकान्यांपेक्षा बारा अंश जास्त.

काका वही घेऊन मीटिंगमध्येच शिरले.

"थर्मामीटर बिघडलाय," सर म्हणाले.

"बदलला साहेब. दोनदा बदलला."

"मग वाचताना चुकत असाल."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? खाली चला, डावीकडे हात लावून बघा." मग काका ताईकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी या."

ताई उठली नाही. "खाली तेलाचा वास येतो," असं तिने मला नंतर कारण सांगितलं. सांगताना तिची मान वर होत नव्हती.

"मॉडेलमध्ये डावीकडे असं काही दिसत नाही," जाळीवाला म्हणाला.

दिसणार कुठून? मॉडेलमध्ये डावी बाजूच नव्हती. चार पदवीधर एका खोलीत बसले होते आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सरांनी ताईला डावा रकाना काढून टाकायला सांगितला. तिने काढला. एक बटण दाबलं, रकाना गेला. उरलेल्या आकड्यांचे ठिपके आलेखात कॉम्प्युटरच्या रेषेवर असे बसले की सरांनी सगळ्यांना कॉफी पाजली. काकांना सोडून.

नऊ दिवसांनी सरांनी वरून निरोप धाडला, भांड्यात पडणारी रसायनाची धार वाढवा. काका म्हणाले, "लेखी द्या." सरांनी लेखी दिलं. मॉडेलप्रमाणे भांडं तापायला अजून भरपूर वाव होता.

भांडं डाव्या बाजूला फाटलं.

काका तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. चौथ्या दिवशी गेले. चौकशी झाली आणि 'हाताळणीतील मानवी चूक' असा निष्कर्ष निघाला. सरांची चिठ्ठी चौकशीत कुणाला सापडली नाही. खालच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ल्यांचा जुडगा ऑफिसच्या कपाटात गेला.

आणि मग तो रविवार.

सोमवारी सकाळी अहवाल जायचा होता. त्या आकड्यांवरून एक कंपनी चाळीसपट मोठं भांडं उभारणार होती. अहवाल गेला की ताईची हंगामी नोकरी कायम होणार. नाही गेला तर महिनाअखेर घरी. घरी दोन मुलं, आणि दाजींचं काम आधीच सुटलेलं. ताईची बाजू एवढी होती, आणि ती खोटी नव्हती.

ती एकटीच आली होती. शेवटचं चित्र तयार होत होतं. कॉम्प्युटरचे पंखे घुमत होते.

बरोबर तीन वाजता...

खाली किल्ल्या खुळखुळल्या.

ताईला वाटलं, वॉचमन असेल. तिने लक्ष दिलं नाही.

सव्वातीनला परत. या वेळी आवाज जिन्यातून आला. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबला.

ताईने घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं.

साडेतीनला आवाज आला तो दाराबाहेरून. तिने धीर करून दार उघडलं. व्हरांडा रिकामा. टोकापर्यंत ऊन पडलेलं, माणूस नाही, सावलीही नाही. ती परत येऊन खुर्चीत बसली. वॉचमनला फोन लावला.

"मी तर गेटवर आहे मॅडम. खाली कोण असणार? खोलीला सील आहे."

तिने फोन ठेवला. पावणेचार झाले.

आता काहीच आवाज नव्हता. किल्ल्या नाहीत. बाहेर पाखरू नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं...

पंखेही ऐकू येत नव्हते.

ते फिरत होते. समोर दिसत होते. पण आवाज नव्हता.

आधी तेलाचा वास आला. मग तिचा डावा गाल गरम झाला. फक्त डावा. चुलीजवळ बसल्यावर एका अंगाला लागते तशी ऊब. ऊन उजवीकडच्या खिडकीतून येत होतं. डावीकडे नुसती भिंत होती.

तिने मान वळवली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली.

पडद्यावर भांडं होतं. उजवा अर्धा निळा. डावा अर्धा निळा. आणि डाव्या अर्ध्यात, उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर...

एक लाल डाग उमटला.

उजवीकडे काही नाही. फक्त डावीकडे. आरशात ते दिसत होतं, जे आरशासमोर नव्हतंच.

ताईने फाइल उघडली. डाव्या बाजूचे चौकोन मोजले. शून्य. म्हणजे जी बाजू मोजलीच नव्हती, ती तापत होती. डाग तळहाताएवढा झाला, मग ताटाएवढा.

तिने सरांना फोन लावला.

"सर, डावीकडे लाल येतंय. फक्त डावीकडे."

"चित्रातला दोष आहे. रंगाऱ्याला सांग."

"सर, काकांचा रकाना खरा होता. आपण अर्धंच भांडं मोजलंय."

पलीकडे घोट गिळल्याचा आवाज आला. सरांना धक्का बसला असेल असं ताईला वाटलं. तसलं काही नव्हतं. ते बहुतेक जेवणानंतरचं पाणी पीत होते.

"अगं, गेलेल्या माणसाच्या वहीवर कुणाची पोस्ट कायम होत नसते," सर म्हणाले. "उद्या सकाळी अहवाल हवा."

फोन बंद झाला.

डावा रकाना पुसला गेला नव्हता. जुन्या फाइलमध्ये तसाच होता. एक बटण दाबलं असतं तर परत आला असता. तिने बोट बटणावर ठेवलंसुद्धा. डाव्या बाजूची ऊब हलली नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून वाट बघत होतं, आणि ती व्यक्ती अजिबात घाई करत नव्हती.

माझी ताई शाळेत पहिली यायची. तिला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तिने बोट उचललं. चित्राचा डावा अर्धा भाग कापून टाकला. अर्धंच भांडं दाखवायची पद्धत आहे म्हणे त्यांच्यात, कोणी विचारत नाही. उजवा निळाशार अर्धा भाग अहवालात चिकटवला, आणि अहवाल तिथल्या तिथे पाठवून दिला.

डाव्या कानाला लागून, अगदी जवळ...

"च्च."

मग किल्ल्या. दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्यात, जिन्यातून खाली. खाली कुलूप उघडल्याचा आवाज झाला. दार लागलं. आणि पंखे परत घुमायला लागले.

"रागावले असते तर बरं झालं असतं रे," ताई मला म्हणाली. "ते रागावले नव्हते. मी असंच करणार हे त्यांना आधीच माहीत होतं."

ताई कायम झाली. सरांचा सत्कार झाला. जाळीवाला परदेशी परिषदेला जाऊन आला, रंगाऱ्याचं निळं चित्र एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं. ताईला वेगळी केबिन मिळाली.

केबिनमधला एसी नीट गार करत नाही, म्हणून तिने मला बोलावलं. एवढा वेळ मी ऐकलेलं सांगत होतो. यापुढचं मी पाहिलेलं आहे.

सकाळचे अकरा वाजले होते. ताईने टेबल ओढून उजव्या भिंतीला पार चिकटवलं होतं. एसी ठणठणीत होता. गॅस पूर्ण, जाळी स्वच्छ. माझ्याकडे बंदुकीसारखं थर्मामीटर असतं. उजव्या भिंतीवर रोखलं. चोवीस.

डाव्या भिंतीवर रोखलं.

छत्तीस.

बारा अंशांचा फरक. मी बॅटरी बदलली आणि परत रोखलं. छत्तीस. भिंतीत पाइप नाही, वायर नाही. पलीकडे सावलीतला व्हरांडा. मग मी तेच केलं जे काकांनी चौघांना करायला सांगितलं होतं. हात लावला.

आणि झटकन मागे घेतला. भिंतीला नाही, जिवंत माणसाच्या अंगाला हात लागल्यासारखं वाटलं.

"मोठं भांडं कधी सुरू होतंय?" मी विचारलं.

"झालं. पंधरा दिवस झाले."

"तिथे माणसं किती असतात?"

"पाळीला सहा." ती माझ्याकडे बघत नव्हती.

"सांगितलंस त्यांना?"

"काय सांगू? माझ्या केबिनची भिंत गरम आहे म्हणून भांडं बंद करा?" मग हळूच म्हणाली, "तू कार्डावर काय लिहितोयस?"

आमच्या कामाच्या कार्डावर तापमानाचा एकच चौकोन असतो. छत्तीस लिहिलं असतं तर विद्यापीठाने भिंत फोडून बघितली असती. आत काही सापडलं नसतं. मग प्रश्न विचारले गेले असते, आणि तिला उत्तरं द्यावी लागली असती. दोन मुलं आहेत तिला.

मी चोवीस लिहिलं. खोटं नव्हतं ते. उजवी भिंत चोवीसच होती.

बॅग खांद्याला लावली. व्हरांड्यात आलो. भर दिवसा, माणसं येत-जात होती. जिन्याच्या मधल्या वळणावर माझा डावा कान गरम झाला...

"च्च."

मी मागे वळून पाहिलं नाही.

ते कार्ड अजून माझ्या बॅगेत आहे, जमा केलेलं नाही. चोवीस खोडून छत्तीस लिहायला आणि भांड्याच्या कंपनीला एक फोन लावायला पाच मिनिटं लागतील. मोठं भांडं अजून चालू आहे. आज मी बॅगेला बाहेरून हात लावून पाहिला.

डाव्या खिशाशी ती गरम होती.