फळीवरचा बिल्ला

दार लोटून घ्या आणि मध्ये खिदळू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेली आहे.

साइटवर त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. कामगारांच्या सुरक्षेचं काम त्याच्याकडे. परांचीचा प्रत्येक खांब स्वतः हलवून बघणार. घरी बायकोने "गॅस बंद केलाय हो" म्हटलं तरी उठून बघून येणार. माझी बहीणच ती, विचारा तिला.

तेव्हा सरकारी इस्पितळाचं बांधकाम चालू होतं. पाया खणल्यापासून इमारतीचा ताबा देईपर्यंत मेहुणा तिथेच. त्याचा एक नियम होता. खड्ड्यात, टाकीत, जिथे कुठे आत उतरायचं, तिथे आधी आपला बिल्ला दाराजवळच्या फळीवर अडकवायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे, बस्स. कामाचा टप्पा बदलला की बिल्ल्याचा रंग बदलायचा. खोदाईला पिवळे होते, शेवटच्या रंगकामाला निळे.

खोदाईच्या वेळी दरड कोसळून एक मजूर गेला. त्याचा बिल्ला फळीवर तसाच राहिला. नियम मोडून मेहुण्याने तो काढला आणि त्या मजुराला शेवटचा निरोप देताना त्याच्याच खिशात ठेवला. बाकीचे पिवळे पुढे भंगारात गेले. पण मेहुण्याच्या मनातून तो माणूस काही गेला नाही. झोपेतून दचकून उठायचा बिचारा.

ताबा द्यायच्या आदल्या रात्री मेहुणा शेवटची फेरी मारायला तळघरात उतरला. तिथे पाण्याची मोठी टाकी होती, आतून नुकतीच रंगवलेली. मुकादम तिच्या झाकणाचे बोल्ट आवळत होता.

"सगळे घरी गेले साहेब. फळी रिकामी आहे. पाणी सोडतो."

"मी फळी बघितल्याशिवाय?"

"आता माझ्यावरही संशय?"

"तुझ्यावर आधी!"

मेहुणा फळीपाशी गेला. फळी रिकामी नव्हती. एक बिल्ला लटकत होता.

पिवळा.

आधी त्याला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. रागाने वळला, तर मुकादमाचा चेहरा पांढराफटक.

"मघाशी... हा नव्हता."

"मग मघाशी काय होतं?"

मुकादमाचा हात खिशाकडे गेला.

"काय होतं, बोल!"

"एक निळा होता. वाटलं, कुणी विसरला असेल. उद्या मोठे लोक येणार, फळी मोकळी दिसावी म्हणून मी..."

त्याने खिशातून निळा बिल्ला काढला.

बोल्ट निघाले. झाकण सरकलं. रंगाचा उग्र भपकारा. टॉर्चच्या उजेडात तळाशी... रंगारी. आडवा पडलेला. कोपरा राहिला म्हणून एकटाच परत उतरला होता.

मेहुणा तसाच आत उडी मारणार होता. पण त्या वासात तोही आडवा झाला असता. आधी मोठ्या पंख्याने आत हवा सोडली. कमरेला दोर बांधला. मग उतरला. रंगारी वर आला तेव्हा श्वास चालू होता. आजही तो माणूस ठणठणीत आहे.

त्याला दवाखान्यात पाठवल्यावर मुकादमाने पिवळ्या बिल्ल्याकडे हात नेला.

"लावू नकोस हात," मेहुणा म्हणाला. "ज्याचा त्यानेच काढायचा."

तळघराला त्याने कुलूप लावलं. किल्ली कमरेला. रात्रभर दाराबाहेर बसून राहिला. संशय त्याला मुकादमाचा होता, पहारेकऱ्याचा होता, स्वतःच्या डोळ्यांचाही होता. कुणी आलं नाही. काही वाजलं नाही.

उजाडल्यावर त्याने कुलूप उघडलं.

फळीवरचा खिळा रिकामा होता.

"आला बाबा बाहेर," मेहुणा एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

आवारात तेव्हा मातीचा कण उरलेला नव्हता, सगळीकडे कोरी फरशी. पण फळीखालून ओल्या चिखलाची पावलं निघाली होती. अनवाणी.

सगळी दाराकडे जाणारी...