चार दिवस गढूळ

हेल्मेट डोक्यात घालायचं सोडून कुणी त्यात माती भरून आणतं का? पण सत्यमने आणली होती! कामशेतच्या नर्सरीच्या फाटकातच तो माधवीवर आदळला आणि ओंजळभर माती थेट तिच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या ओढणीवर.

"सॉरी मॅडम... पिशवी फाटली वाटेत."

"आणि डोकं फुटलं असतं तर?"

"तितं न्हाईच काय फुटण्यासारखं!" तो हसला. गालाला ही एवढी खळी... माधवी चिडायचंच विसरली.

कृषी पदविका झाल्यापासून मामाच्या या नर्सरीत माती तपासायचं काम तिचंच. तिने काचेच्या बाटलीत थोडी माती घातली, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि बाटली खळाखळा हलवली.

"आधी वाळू खाली बसेल, मग पोयटा, सगळ्यात शेवटी चिकणमाती. थर मोजले की कळेल, तुमच्या वावरात गुलाब जगतील का ते. उद्या फोन करते."

"फोन कशाला? येतोच की!" मग तो जरा गंभीर झाला. "फक्त रविवारच्या आत सांगा. आमच्या आबांनी तेवढीच मुदत दिलीय. माती चांगली निघाली तर मी पॉलिहाऊस टाकणार. न्हाईतर लोणावळ्याच्या एका पार्टीला जागा भाड्यानं जाणार, पर्यटकांचे तंबू टाकायला. मग मी चाललो बंगळूरला, मित्राच्या कंपनीत."

दुसऱ्या सकाळी बाटलीतलं पाणी नितळ! तळाशी निम्मी वाळू, वर पोयटा, चिकण अगदी बोटभर. गुलाबाला हवी तश्शी! माधवी उडीच मारणार होती, पण मनात आलं, उत्तर मिळालं की हा पुन्हा कशाला येईल? बाहेर त्याच्या गाडीचा आवाज आला... आणि तिचा हात बाटलीकडे गेला.

"अजून गढूळच?"

"अं... एकेका मातीला लागतो वेळ."

"लय भाव खातीय ओ!"

"मालकावर गेलीय!"

बुधवारी तो घरच्या नव्या इंद्रायणीची पुडी घेऊन आला. तांदळाचा वास दिवसभर तिच्या बोटांना येत राहिला. गुरुवारी 'मॅडम'ची 'माधवी' झाली. शुक्रवारी निघताना तो फाटकाशी उगाचच रेंगाळला. आणि रोज, तो यायच्या जरा आधी, बाटली खळाखळा...

शनिवारी मात्र तिने बाटलीला हातही लावला नाही. आज सांगायचंच!

तो आला, तेव्हा पाठीवर मोठी सॅक होती.

"काल रात्री आबांनी सह्या करून टाकल्या. म्हणाले, जी माती चार दिवसांत खाली बसंना, तितं गुलाब कसले जगत्यात! पाच वर्षांचा करार."

"पण रविवार..."

"आबांना कुठला एवढा धीर!"

माधवीने बाटली त्याच्यापुढे धरली.

"सत्यम, तुझी माती चांगली होती. मंगळवारीच बसली होती. मी... मीच रोज हलवायचे."

"का पण?"

"तू यावास म्हणून."

त्याने बाटली हातात घेतली आणि बोटाने एकेक थर मोजला. रागावला असता तर बरं झालं असतं...

"ये म्हणाली असतीस, तर मातीशिवायसुद्धा आलो असतो गं."

"मग... आता?"

त्याने सॅकचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला.

"आता तितं खुंट्या ठोकतायत, माधवी."