‘उसवण’ ऐकून लोक हसले

तिसरी धून संपली आणि पुढच्या रांगेतल्या एक काकू टाळ्या पिटत उठल्या. "कित्ती प्रसन्न वाजवता रे! आमच्या पोराच्या हळदीला याल काय?"

सन्मती मगदूमच्या हातून गिटारच सुटायची बाकी राहिली. ही धून त्याच्या बाबांवर होती. यंत्रमाग भंगारात घालून घरी आलेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो, कुणाशी बोलत नाही, ते सगळं त्याने शब्दांशिवाय, नुसत्या तारांतून सांगितलं होतं. त्यात प्रसन्न काय सापडलं या बाईला? बरं, त्या एकट्याच असत्या तर सोडून देता आलं असतं. अख्खं सभागृह हसऱ्या चेहऱ्याने डुलत होतं!

इचलकरंजीत कर्णिका नसलेला कान शोधून सापडायचा नाही. शेंगदाण्याएवढी वस्तू. मुळात ती मागांचा गोंगाट गाळायला आली. माणसाचं बोलणं तेवढं आत सोडायची. मग ती शेडमधून घरात आली, बाजारात गेली, फोनही तीच घेऊ लागली. आता लोक ती फक्त आंघोळीला आणि झोपताना काढतात.

अपवाद एकच, सन्मतीचा ‘खडखडाट’ हा बँड, आणि तोही वाजवण्यापुरता. ही मंडळी जुन्या ब्लूज-रॉकची वेडी. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांनी आपलं दुःख ज्यात ओतलं ते ब्लूज; पुढे त्याला दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रम जोडले गेले. पण त्याचा सगळा जीव एका सुरात असतो. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी, तार ओढून काढलेला सूर. पेटीवर तो मिळत नाही. बंद पडलेल्या माग-शेडमध्ये काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प लावून, मागाच्या ठेक्यावर, उघड्या कानांनी त्यांनी आज वाजत असलेला ‘उसवण’ हा अल्बम केला होता. "एकदा कर्णिकेतून ऐकून बघूया की," असं ड्रम वाजवणारी समीना मुजावर म्हणाली होती. ती दिवसा कर्णिका दुरुस्त करायची, तिच्या डोक्यात असलं काहीतरी येणारच. "देवळात चपला घालून जायचं का मग?" असं म्हणून सन्मतीने तिला उडवून लावलं होतं.

पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती अक्काची, सन्मतीच्या थोरल्या बहिणीची. लग्न होऊन ती सुरतेला गेली, पण त्याला पहिली गिटार तिनेच आणून दिली होती, बाबांच्या शिव्या खाऊन. सकाळी फोनवर तिचा रेकॉर्ड केलेला निरोप आला होता. "सनू, नाही रे जमत यायला. मस्त वाजव. आईकडे बघ हं." कर्णिकेतून ऐकलेला तो आवाज इतका खुशीत होता की सन्मतीला रागच आला. वर्षभर हेच चाललं होतं. यायला जमत नाही, आणि बोलणं मात्र जत्रेला निघाल्यासारखं! त्याने उत्तरही दिलं नव्हतं.

मध्यंतरात तो गिटारसकट पडद्यामागे, अ‍ॅम्पशेजारी येऊन धपकन बसला. "समे, ह्यांची डोकी फिरल्यात, का आपलंच वाजवणं भिकार हाय?"

समीनाने खिशातून कर्णिकांची जोडी काढली आणि त्याच्या दोन्ही कानांत बसवली. "बाबांच्या धुनेतला तो सूर काढ बघू."

सन्मतीने तार ओढली. बोटाला ताण कळत होता, तार हवी तेवढीच वाकली होती. कानात मात्र सूर मुकाट्याने शुद्ध गंधारावर जाऊन बसला. गोड, गुळगुळीत. अ‍ॅम्पची खरखर तर नावालाही नाही. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"आयला! हे काय?"

"स्वरसांधणी," समीना म्हणाली. "गेल्या वर्षी नवीन आली. आवाज कापला, चिरला, खाली घसरला, की कर्णिकेला तो बिघाड वाटतो. मग ती सांधून देते. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून कुणी बंद करत नाही. पण सुराचं एवढं वाटोळं करत असेल असं मला वाटलं नव्हतं."

"फक्त वाजवलेल्या सुराचं?"

"छे, सगळ्याचंच. माणसाच्या बोलण्याचंसुद्धा. समोर असला तर चेहरा तरी दिसतो. फोनवर म्हणजे..."

सन्मतीने तिला पुढे बोलूच दिलं नाही.

त्याने दोन्ही कर्णिका उपटून फेकल्या आणि फोनचा स्पीकर लावला. हल्ली स्पीकर कुणी लावत नाही. लावला तर लोक अडाणी समजतात. अक्काचा सकाळचा निरोप सुरू झाला.

शब्द तेच होते. पण ‘सनू’ म्हणतानाच ती अडखळली होती. ‘नाही रे जमत’च्या पुढे नुसता श्वास, तोंडावर पदर दाबून घेतल्यासारखा. ‘मस्त वाजव’ पार चिरून गेलेलं. आणि ‘आईकडे बघ हं’ म्हणताना आवाज खाली घसरत जाऊन मधेच कुठेतरी तुटला. ज्या सुरासाठी सन्मतीने वर्षभर बोटं सोलून घेतली होती, तो अक्काच्या गळ्यात होता. आणि त्याने त्या सुराला खुशी समजून तिच्यावर राग धरला होता.

"या अल्ला," समीना पुटपुटली. "हा निरोप नाही रे, ही निरवानिरव आहे. फोन लाव. आत्ता लाव!"

फोन बराच वेळ वाजत राहिला. सन्मतीने सगळ्या देवांना हात जोडले. मग तो उचलला गेला.

"अक्का!" त्याला हुंदका आवरेना. "ऐकलं गं मी तुझं. आत्ता ऐकलं."

"अरे वा, स्वारी भलतीच खुशीत!" अक्का म्हणाली. स्पीकरवर तिचा आवाज भेगाळलेला, दमलेला येत होता. "छान झालं वाटतं वाजवणं. एवढंच ऐकायचं होतं मला. ठेवते हं."

सन्मती गळा काढून रडत होता आणि तिला तो हसताना ऐकू येत होता.

"ठेवू नको! अक्का, कर्णिका काढ. दोन्ही कानांतली. स्पीकर लाव."

"काय खुळ्यासारखं..."

"माझी शपथ आहे तुला. काढ!"

पलीकडे काहीतरी खुडबुडलं. इकडे पडद्याबाहेर लोक आनंदाने टाळ्या वाजवून पुढची धून मागत होते.

"काढली. बोल आता."

सन्मती नुसता रडला, लहानपणी रडायचा तसा, मोठ्याने.

समीनाने त्याचा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

"सनू, तू रडतोयस?" अक्का म्हणाली. "बाबा बोलत नाहीत म्हणून सांगायचास, रोज सांगायचास, किती हसत हसत... मला वाटलं, तुमचं माझ्यावाचून छान चाललंय. अरे, तेव्हासुद्धा तू रडतच होतास का रे?"