नॉकरोवरचं भुकेलं गवत

चहा घे आधी. गार झाला की मला नावं ठेवशील. आणि उद्या नॉकरोच्या डोंगरावर जायचं म्हणतोयस ना, मग तो दिवा जरा इकडे सरकव आणि मी काय सांगते ते ऐक. मध्येच हसायचं असेल तर खुशाल हस. फेम्केही हसली होती.

फेम्के हॉलंडची. विशीतली पोर, इतकी उंच की माझ्या प्रत्येक दाराच्या चौकटीला एकदा तरी डोकं आपटून घेतलं तिनं. सायकलवरून आयर्लंड बघायला निघाली होती आणि माझ्या दारात आली ती सायकल खांद्यावर टाकून. उतारावर साखळी तुटलेली, पावसानं अंगावरचा एक धागा कोरडा नाही, आणि बाई हसत विचारतात, "मिसेस गॅव्हिन, खोली आहे का तुमच्याकडे? नसेल तर गोठासुद्धा चालेल." मला ती तिथंच आवडली. माझा नवरा ऑस्टिन गेल्यापासून मी पाहुणे ठेवते, पण इतका जीव कुणाला लावला नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुला गावात कुणीतरी सांगितलंच असेल. दुसरं काम काय आहे इथल्या लोकांना!

साखळी वेस्टपोर्टहून यायची होती. आज येते, उद्या येते, असं चाललं होतं. तेवढ्या दिवसांत त्या पोरीनं काय काय सोसलं आणि काय काय गंमत लुटली! दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतली, एक बूट तिथंच सोडून आली. शेमीच्या मेंढ्यानं ढुशी मारून तिला कुंपणापलीकडे टाकलं. शेमी म्हणजे माझा शेजारी, वरच्या अंगाला मेंढरं चारतो. त्याच संध्याकाळी पबमध्ये पत्त्यांच्या डावात तिनं सगळ्या गावादेखत शेमीचा धुव्वा उडवला आणि बक्षिसाची टर्की बगलेत मारून घरी आली.

"तुझ्या त्या सपाट देशात दुसरं करायला काही नाही, म्हणून येतात तुला पत्ते," शेमी कुरकुरला.

"आणि तुमच्याकडे डोंगर आहेत म्हणून येत नाहीत का?" ही म्हणाली. लोक टेबलं बडवून हसले. शेमीसुद्धा हसला, आणि तो फार हसणाऱ्यातला नाही.

मग एके दिवशी ऊन पडलं. आमच्याकडे ऊन पडलं की माणसं खुळ्यासारखी बाहेर धावतात. फेम्के म्हणाली, मी नॉकरो ओलांडून पलीकडचं तळं बघून येते. मी तिला लोणी लावलेला ब्रेड आणि उकडलेली अंडी डब्यात भरून दिली.

"वर जुनी वाडी लागेल," मी म्हटलं. "छपरं नसलेली घरं आहेत. तिथं बसून खाल्लंस तर एक घास मागं गवतावर टाक. आणि एक तुकडा खिशात ठेव. काही झालं तरी तो खाऊ नकोस."

"कुणासाठी?"

"तिथल्यांसाठी."

"पण तिथं कुणी राहतं का?"

"नाही ना राहत. म्हणून तर."

ती हसली, माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली.

आता तू तसं बघू नकोस. तेव्हा माणसं बटाट्यावरच जगायची, आणि तो शेतातच काळा पडला त्या सालांत ती अख्खी वाडी उपाशी मेली. माझ्या वडिलांची आजी तेवढी जिवंत खाली आली, तीही गुडघ्यांवर रांगत. जिथं जिथं माणूस पडला तिथं भुकेलं गवत उगवलं असं आमच्यात म्हणतात. दिसायला ते इतर गवतासारखंच. पाय पडला की मात्र भूक धरते, साधीसुधी नव्हे, त्यांची भूक. म्हणून डोंगरावर जाताना आम्ही खिशात ब्रेडचा तुकडा ठेवतो. शेमी रविवारी चर्चच्या बाहेर उभा राहून विड्या ओढतो, देवाधर्माचं नाव काढू देत नाही, पण त्याच्या कोटाच्या खिशात हात घालून बघ. तुकडा असतो.

दुपार कलली आणि डोंगरावरून धुकं उतरलं. आधी माथा गेला, मग मेंढरं गेली, मग माझ्या अंगणातली वाळत घातलेली कापडं दिसेनाशी झाली. शेमी दारात आला.

"तुझी हॉलंडची राणी आली का परत?"

"नाही."

एरवी तो चहाशिवाय जात नाही. त्या दिवशी तो उंबऱ्यातच उभा राहिला. "मग कोट घाल," म्हणाला.

वाट आमच्या पायांखालची होती, म्हणून गेलो. पुढचं काही दिसत नव्हतं. खाली असताना मेंढरांचं ओरडणं कानावर येत होतं, ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. वाडीच्या जवळ गेलो तसं ते एकेक करून थांबलं. आणि मग वास आला. कुजलेल्या बटाट्यांचा, नाक धरावं असा वास. त्या उतारावर माझ्या जन्मात कुणी बटाटा लावलेला नाही.

"तुला येतोय का...?" शेमी पुटपुटला.

"बोलू नकोस. चल."

फेम्के एका पडक्या घराच्या कोपऱ्यात बसलेली सापडली. गुडघे पोटाशी घेतलेले, पाठ भिंतीला. मी आधी ओळखलंच नाही तिला. गाल आत गेले होते, डोळे खोल गेले होते, मनगटावरचं घड्याळ सुटं होऊन कोपरापाशी आलं होतं. सकाळी माझ्या टेबलावर पोटभर लापशी खाल्लेली पोर ती! आणि तिचे ओठ हिरवे होते. हनुवटीपर्यंत हिरवा रस ओघळला होता, मुठीत उपटलेलं गवत होतं. माझ्या वडिलांना त्यांची आजी सांगायची, वाडीतली माणसं सापडली तेव्हा त्यांची तोंडं अशीच हिरवी होती.

"अगं पोरी... काय केलंस हे?"

"मी काही सांडलं नाही, मिसेस गॅव्हिन," ती म्हणाली. आवाज नुसता श्वासाएवढा. "सगळं उचललं... एकेक कण... कचरा मागं टाकू नये म्हणून..."

शेजारी तिचा डबा होता, आणि घडी घालून ठेवलेल्या रुमालात चिमूटभर चुरा. किती नेटकी पोर! भुकेल्यांच्या ताटातलं तिनं नीट टिपून उचलून घेतलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी खिशातला ब्रेड तिच्या तोंडाला लावला. तिनं मान फिरवली.

"आधी त्यांना..."

"कुणाला, गं?"

तिनं भिंतींकडे बघितलं. एका भिंतीकडे, मग दुसऱ्या, मग पडलेल्या दाराकडे. शेमीनं डोक्यावरची टोपी काढली. मला तर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. पण मी माझा तुकडा कुसकरला, शेमीनं त्याचा कुसकरला, रुमालातला चुराही घेतला आणि आम्ही ते चारी बाजूंना गवतावर टाकलं.

आधी काहीच नाही. मग... चावण्याचा आवाज.

एका तोंडाचा नव्हे. भिंतीलगत, उंबऱ्यापाशी, बाहेर वाटेवर, वरच्या घरांत, सगळीकडे. हळू, सावकाश. कुणी कुणाच्या हातचं ओढत नव्हतं. एवढ्या वर्षांची भूक, आणि तेवढ्याशा चुऱ्यात ती माणसं एकमेकांना पुरवून खात होती! मी गुडघे टेकले. माझी भीती कुठल्या कुठं गेली. माझंच माणूस होतं त्यांत, हे मला आतून कळत होतं. शेमीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

आवाज थांबला तेव्हा गवतावर कणही उरला नव्हता. वास गेला. फेम्केनं माझ्या बोटांना चिकटलेला चुरा चाटला, गिळला आणि उठून उभी राहिली.

आम्ही तिला घेऊन खाली निघालो. शेमीनं तिचा उजवा दंड धरला होता. डावा हात तिनं मला धरू दिला नाही. तो तिनं खाली, मांडीपाशी धरला होता, बोटं अर्धवट मिटलेली. पावलंही अगदी लहान लहान टाकत होती. मध्येच थांबायची, खाली बघायची, मग पुन्हा चालायची. शेमीनं माझ्याकडे बघितलं.

माझ्या दारात ती कोसळली. उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. मी सूप आणलं, चमच्यानं भरवलं, ते तोंडातून परत बाहेर आलं. ओठ निळे पडत चालले. डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, धुक्यात खिंडीतून गाडी येणार नाही, सकाळपर्यंत कळ काढा. सकाळपर्यंत! ती पोर तासभर तरी टिकते की नाही, असं झालं होतं.

"ती सोडत नाही..." फेम्के म्हणाली.

"कोण?"

"लहान आहे हो... खूप लहान आहे..."

मी तिच्या त्या डाव्या हाताकडे बघितलं. मला कळलं काय करायला हवं ते. शेमीलाही कळलं.

"डेलिया, नको," तो म्हणाला. "अगं, हात पुढं करू नकोस. ऐक माझं."

"मग काय करू? दारात मरू देऊ हिला?"

"तुला सोडायची नाही ती कधी!"

"मला तरी दुसरं कोण धरून बसलंय रे, शेमी?"

त्यानं तोंड फिरवलं. मी खाली बसले आणि हात पुढं केला, चार वर्षांच्या मुलाला पोचेल एवढा खाली. "ये गं बाई," मी म्हटलं. "ही पाहुणी आहे. तिला तिच्या आईकडे जायचंय. मी इथलीच आहे. ये माझ्याकडे."

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग माझ्या तळव्यात काहीतरी गार टेकलं. आधी एक बोट. मग सगळी.

फेम्केचा हात आपोआप उघडला. तिनं वाडग्याला तोंड लावून सूप प्यायलं, आणखी मागितलं, पुन्हा आणखी मागितलं आणि मग हंबरडा फोडून रडली. दोन दिवसांनी साखळी आली, आणि पुढच्या आठवड्यात ती गेली. अजून फोन करते. आता तिला मुलगी झालीय. मजेत आहे, गुटगुटीत आहे.

आणि इथली ही. रोज संध्याकाळी मी तिचं ताट वाढते. लोणी घातलं, साय घातली, अंड्याचा बलक घातला. ताट रोज चाटूनपुसून साफ असतं. माझ्या हातचं तिला आवडतं, ते मला कळतं. पण दिवेलागणीला माझ्या हातात हात येतो ना, आताही आहे बघ, तेव्हा मी ती बोटं चाचपून बघते. एकेक हाड लागतं. इतकी वर्षं झाली खाऊ घालतेय, पण माझी पोर बाळसं काही धरत नाही.